शेणाचा गोळा आणि दुधाची गाडी

मित्रांनो, शेण म्हटले की तुम्ही नाक मुरडता, हे मला चांगले ठाऊक आहे. खुशाल मुरडा. मी एक म्हातारी शेणभुंगी आहे, माझा अवघा जन्म शेणात गेला आहे आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. ताज्या शेणाला कसा वास येतो, शिळ्या शेणाला कसा येतो, म्हशीने काल ओला चारा खाल्ला की कोरडा, हे मी लांबूनच सांगू शकते. तुमच्यापैकी कोणाला हे जमत असेल तर पुढे या.

आधी माझी ओळख करून देते. रंगाने मी काळीकुळकुळीत, अंगाने तुमच्या अंगठ्यापेक्षा जाड. पुढचे पाय दातेरी, कारण शेण कापावे लागते. मागचे पाय लांब आणि वाकडे, कारण गोळा कवेत धरावा लागतो. डोक्यावर दोन छोट्या मिश्या आहेत. त्यांची टोके पंख्यासारखी उघडली की वाऱ्यावर कसला वास आला ते कळते. पाठ मात्र अशी गुळगुळीत की पावसाचा थेंबही तिच्यावर टिकत नाही.

आता तुमच्या मनात यायच्या आधी मीच सांगून मोकळी होते. मला उडता येत नाही. आमच्यातले बाकीचे शेणभुंगे उडतात. वास आला की भुर्रकन येतात, खाऊन भुर्रकन जातात. माझ्या पाठीवरची दोन झाकणे मात्र मधोमध कायमची जोडलेली आहेत आणि त्यांच्याखाली पंखच नाहीत. म्हणून लगेच 'अरेरे' म्हणू नका. त्या बंद झाकणांखाली मी हवा साठवते आणि श्वासाबरोबर अंगातले पाणी वाया जाऊ देत नाही. आमच्या कोरड्या मुलखात हे फार कामाचे आहे. अडचण एवढीच, की जिथे जायचे तिथे पायी जावे लागते. पायी जाणार ते किती लांब? त्यामुळे आमची जात जगात अगदी थोड्या ठिकाणी उरली आहे आणि जिथे आहे तिथेच ठाण मांडून आहे.

माझा जन्म मातीखाली, शेणाच्या एका गोळ्यात झाला. आमच्यात वर्षाला एकच गोळा आणि गोळ्यात एकच अंडे, अशी रीत आहे. तो गोळा म्हणजे माझी खोली आणि खोलीच्या भिंती म्हणजे माझे जेवण. मी आतून भिंत खात गेले आणि आई बाहेरून तीच भिंत सांभाळत राहिली. बुरशी धरली की ती खरवडून काढायची, तडा गेला की लिंपून टाकायची. माझे पोट भरेपर्यंत ती उपाशी होती. मी मोठी होऊन भिंत फोडून बाहेर आले, तेव्हा तिने मला मिश्यांनी एकदा चाचपले आणि बाजूला झाली. आमच्यात मायेच्या गप्पा एवढ्याच असतात.

आमचे घर एका उतारावर आहे. काटेरी झुडपे आणि त्यांच्याखाली भुसभुशीत माती. उताराच्या पायथ्याशी डांबरी रस्ता. रस्त्यापलीकडे म्हशींचा गोठा, त्याला जोडून दोन मजली घर. गोठ्यात आणि अंगणात सगळीकडे कोबा केलेला, तिथे पाय खुपसायलाही जागा नाही. म्हणजे जेवण रस्त्याच्या त्या बाजूला आणि घर ह्या बाजूला, अशी आमची गैरसोय. तरी आम्ही कधी तक्रार केली नाही.

गोठा तीन माणसे चालवतात. दादा धार काढतात. ते फारसे बोलत नाहीत, म्हशीही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे छान जमते. दादांची बायको म्हणजे वहिनी. घरात सगळ्या शब्दांचा खर्च त्याच करतात. शेणाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. घमेल्याने शेण उचलायचे, टाकीत पाण्याबरोबर कालवायचे, त्याच्या गॅसवर स्वयंपाकघरातली शेगडी चालवायची. शेगडीची ज्योत जरा बसली की त्यांचा संशय आमच्यावर. "ह्या काळ्या भवान्यांनी माझा अर्धा स्वयंपाक पळवला," असे त्या कंबरेवर हात ठेवून म्हणत. खोटे कशाला बोलू, थोडेफार आम्ही नेतच होतो. म्हशी तळ्यावरून परत आल्या की फाटकाबाहेर हमखास शेण टाकत, आणि वहिनी घमेले घेऊन येईपर्यंत आम्ही आमचा वाटा काढून वाटेला लागलेल्या असू.

तिसरे भाऊजी. ते दादांचे धाकटे भाऊ. रोज सकाळी दुधाचे कॅन टेम्पोत चढवून शहरात नेतात. मनाने लोण्यासारखे मऊ, पण कायम घाईत. दूध नासायच्या आत पोहोचायचे असते ना.

आता माझे काम सांगते, आणि हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा ह्यातूनच झाला. शेण कापून, थापून, फिरवून मी एक गोल गरगरीत गोळा करते. मग पुढचे पाय जमिनीवर टेकते, डोके खाली घालते आणि मागचे पाय गोळ्यावर लावून त्याला ढकलत नेते. म्हणजे मी चालते ती उलटी. जिथून निघाले तिकडे माझे तोंड आणि जिथे जायचे तिकडे माझी पाठ. सूर्य कुठे आहे ते बघत मी वाट धरते. गोळा खड्ड्यात गेला तर त्याच्यावर चढून पुन्हा सूर्य बघते आणि पुन्हा पाठीने ढकलू लागते. आम्हाला हे इतके सवयीचे आहे की सरळ तोंडाने गोळा नेणारा कोणी दिसला तर आम्हीच हसू.

आमचे नवरोबा ह्या वेळी माझ्या मागोमाग चालत असतात. मदत करत नाहीत. गोळ्याला पाय लावत नाहीत. फक्त अगदी काळजीत असल्यासारखे सोबत येतात. उतारावर पोहोचले की मी गोळा मातीत पुरते, आत अंडे घालते आणि मग कित्येक महिने त्याच्याजवळ बसून राहते. घाई मात्र एकाच गोष्टीची असते. गोळा ओला असतानाच जमिनीत जायला हवा. उन्हात वाळून त्याला भेगा पडल्या तर त्यातले अंडे जगत नाही, आणि मग ते वर्ष फुकट जाते.

पूर्वी भाऊजींची गाडी आमच्या अंगावरून सरळ निघून जायची. त्यांना आम्ही दिसतच नव्हतो. माझी एक बहीण अशी गेली. ती माझ्यापेक्षा चांगला गोळा करायची. त्या दिवशी मी तिच्या मागेच होते. अजून तिची आठवण आली की मिश्या मिटून घ्याव्याशा वाटतात.

मग एक दिवस वरच्या खोलीत एक बाई राहायला आल्या. घरातले सगळे त्यांना किड्यांची बाई म्हणत. त्या सकाळपासून रस्त्याकडेला पोटावर झोपून आमच्याकडे बघत. वहिनींना आधी वाटले की बाईंना बरे वाटत नाहीसे दिसते, म्हणून त्या पाणी घेऊन धावत आल्या होत्या. पण बाईंनी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितले, की हा न उडणारा शेणभुंगा फार दुर्मीळ आहे, तो माती भुसभुशीत करतो, माश्या कमी करतो आणि अशी जागा शोधून सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझे कौतुक केले होते. माझी मान ताठ झाली. मला मान नाही, पण झाली.

जाण्यापूर्वी बाईंनी फाटकाजवळ पाटी लावली, 'इथे शेणभुंगे रस्ता ओलांडतात, गाडी सावकाश चालवा'. भाऊजींना त्या म्हणाल्या, की रस्त्यात भुंगी दिसली तर तिला जिकडे जायचे आहे तिकडे अलगद पोहोचवत जा. भाऊजींनी हे अगदी मनावर घेतले. आम्ही उलट्या चालतो हे सांगायचे बाईंच्या ध्यानातही आले नाही. त्यांना ते इतके माहीत होते की दुसऱ्याला माहीत नसेल असे त्यांना वाटलेच नाही.

मित्रांनो, आता काय झाले असेल ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी सकाळी माझा गोळा ढकलत निम्मा रस्ता पार केला होता. ऊन तापू लागले होते आणि डांबर पायांना चटके देत होते. इतक्यात गाडी थांबली. भाऊजी उतरले, गुडघ्यावर बसले आणि प्रेमाने बघू लागले. माझे तोंड गोठ्याकडे. त्यावरून त्यांनी ठरवले की हिला गोठ्याकडेच जायचे आहे. दोन्ही तळहातांवर मला आणि माझ्या गोळ्याला त्यांनी अलगद उचलले आणि नेऊन ठेवले थेट फाटकाजवळ, जिथून मी निघाले होते तिथे. वर म्हणाले, "जा बाई, सुखाने जा." मी काय बोलणार? पुन्हा निघाले. दुपारी रिकामे कॅन घेऊन ते परत आले, तेव्हा मी पुन्हा त्याच जागी होते. त्यांना वाटले ही दुसरी कोणी असेल. त्यांनी पुन्हा तितक्याच प्रेमाने मला फाटकाशी आणून सोडले. संध्याकाळपर्यंत गोळा विटेसारखा वाळला आणि माझे त्या वर्षीचे पोर जन्मायच्या आधीच हुकले.

माझी एकटीचीच ही गत नव्हती. आमच्यातली जी कोणी गोळा घेऊन निघे तिला भाऊजी परत फाटकाशी आणून सोडत. रिकाम्या हाताने गोठ्याकडे निघालेल्या भुंग्या सरळ तोंडाने चालतात, त्यांना ते बरोबर पोहोचवत. त्यामुळे आपले काही चुकते आहे अशी शंकाही त्यांना आली नाही. गाडीखाली आता कोणी मरत नव्हते हे खरे. पण त्या वर्षी आमच्या उतारावर मातीतून एकही नवा भुंगा वर आला नाही. चिरडून आम्ही थोड्या कमी झालो होतो. ह्या मायेने मात्र आम्ही संपायला आलो होतो. आणि भाऊजींचा चेहरा असा समाधानी असे की त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

ह्या वर्षी मी ठरवले की गोळा मोठा करायचा, म्हणजे वाळायला वेळ लागेल. माझे वय झाले आहे. पुढच्या वर्षी पायांत ढकलायचा जोर राहील की नाही, कोण जाणे. म्हणून हा गोळा माझा शेवटचा असे समजूनच मी तो केला. नवरोबा नेहमीप्रमाणे मागे. मी मोठ्या हिमतीने रस्त्यावर आले आणि फाटकातून गाडी बाहेर पडली. पुढच्या सीटवर आज वहिनीही होत्या. त्यांना शहरात शेगडीचा बर्नर बदलून आणायचा होता. भाऊजी उतरले, त्यांनी मला उचलले, फाटकाशी ठेवले आणि गाडीत बसून निघाले.

गाडी थोडी पुढे गेली आणि फट्ट असा आवाज होऊन एका बाजूला बसली. टायर पंक्चर झाला होता. भाऊजींनी स्टेपनी काढली तर तीही बसलेली. ती दुरुस्त करून आणायची म्हणून ते किती दिवस आज-उद्या करत होते, ते वहिनींनी त्यांना रस्त्यातच ऐकवले. भाऊजींनी पंक्चरवाल्याला फोन केला. तो शहरातून स्कूटरवर येणार होता. मग दोघे फाटकाजवळच्या दगडावर येऊन बसले. भाऊजी दर थोड्या वेळाने कॅनला हात लावून बघून येत. माझ्या आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच बसलेले बघत होते.

मी काय करणार? गोळ्यावर चढले, सूर्य बघितला, खाली उतरले, पाय लावले आणि पुन्हा निघाले. गोळ्याची वरची साल आता कडक होऊ लागली होती.

वहिनींचे लक्ष गेले. शेण हलताना दिसले की त्यांचे लक्ष जातेच. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची लाडकी परत रस्त्यावर निघाली."

"वाट चुकली असेल. ठेवतो परत," असे म्हणत भाऊजी उठले.

"बसा खाली. हात लावू नका तिला." वहिनी पुढे वाकून बघू लागल्या, शेगडीवरच्या दुधाकडे बघतात तशा. "मघाशी तुम्ही तिला फाटकाशी ठेवलंत. तिला आत यायचं होतं, तर ती आत का नाही आली?"

भाऊजी म्हणाले की तिचे तोंड तर आपल्याकडेच आहे. मी ढकलत होते. एक खडा आडवा आला, त्याला वळसा घातला, पुन्हा झुडपांची दिशा धरली. त्या दोघांची नजर मला पाठीवर नव्हे, तोंडावर जाणवत होती, कारण माझे तोंड त्यांच्याचकडे होते.

"ती उलटी चालतेय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही रोज टेम्पो रिव्हर्स घेऊन फाटकातून आत आणता, तेव्हा त्याचं तोंड कुठं असतं?"

भाऊजींनी फाटकाकडे बघितले, गाडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मग ते दगडावर मटकन खाली बसले. चेहरा पार उतरला. "म्हणजे बाई गेल्यापासून मी सगळ्यांना..." ते म्हणाले. मला त्यांची दया आली. मी भुंगी असले तरी खरे सांगते, फार दया आली. इतक्या भल्या माणसाला इतके वाईट वाटावे, असे मला कधीच वाटले नव्हते.

वहिनींना एरवी असा मौका मिळाला असता तर त्यांनी सोडला नसता. पण आज त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि गोळ्याला बोट लावून बघितले. शेण किती ओले आहे हे त्यांना बोटाने कळते. गोळ्यावर केसाएवढी भेग पडली होती. मी तर जागच्या जागी थिजले. ह्या आता माझा गोळा उचलून टाकीत टाकणार, असेच मला वाटले.

"ह्याचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडे पोहोचेपर्यंत वाळून गोवरी होईल."

त्या फाटकातून आत गेल्या. टाकीत टाकायला म्हणून ठेवलेले सकाळचे घमेले त्यांनी उचलले, ताजे, काठोकाठ भरलेले. ते घेऊन त्यांनी रस्ता ओलांडला आणि उतारावरच्या पहिल्या झुडपाच्या सावलीत सगळेच्या सगळे पालथे केले. मागून भाऊजी मला तळहातावर घेऊन आले. मला खाली ठेवून ते परत धावले, कारण आमचे नवरोबा रस्त्याच्या मधोमध काळजी करत उभे होते.

"आज शेगडी मंद जळेल," वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या. "जळू दे."

मित्रांनो, एवढे शेण एका जागी आणि तेही रस्ता न ओलांडता, मी जन्मात बघितले नव्हते. खाऊ की गोळा करू, असे मला झाले. पण उन्हाला कोणाची वाट बघायची नसते. मी भराभर कापले, थापले, फिरवले आणि तिथेच दोन झुडपांपलीकडे माती उकरून नवा गोळा खाली ओढला. पंक्चरवाला आला तेव्हा वहिनी आणि भाऊजी झुडपाजवळ उकिडवे बसून मातीकडे बघत होते. काय हरवले आहे, असे त्याने विचारले. दोघांनीही मातीकडे बोट दाखवले. त्या दिवशी एक कॅन दूध नासले. वहिनी त्याबद्दल तेव्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर मात्र रोज बोलल्या.

मी खाली अंडे घातले आणि त्याच्याजवळ बसले. आईने माझ्यासाठी जे केले तेच मी केले, आणखी काय करणार? वर काय चालले होते ते मला वासावरून कळत होते. आमच्या हंगामात वहिनी अधूनमधून एक घमेले झुडपाशी आणून टाकू लागल्या. आणताना आम्हाला शिव्या देतात, पण आणतात. वर आल्यावर कळले, की भाऊजींनी बाईंना फोन करून सगळे सांगितले आणि पाटीवर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, 'उचलण्याआधी थांबून बघा'. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

म्हणून माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे. रस्त्यात आमच्यासारखा एखादा लहान जीव दिसला तर त्याला चिरडू नका, हे तर खरेच. पण मदत करायची असेल तर आधी थोडे बसा. तो कुठून आला, कुठे निघाला, ते त्याला त्याच्या रीतीने सांगू द्या. तुमच्या मनात माया आहे, ती चांगलीच आहे. तिला जरा वेळही द्या.

माझे पोर परवा मातीतून वर आले. मुलगी आहे. मी तिला मिश्यांनी एकदा चाचपले आणि बाजूला झाले. ती झुडपाखालून निघाली ती थेट रस्त्यावर. मधोमध जाऊन थांबली, मिश्या उघडल्या, इकडे वळली, तिकडे वळली. तेवढ्यात भाऊजींची गाडी आली. गाडी थांबली, इंजिन बंद झाले. भाऊजी उतरून तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले. मागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली. तिच्या चालकाने हॉर्न वाजवला, मग खिडकीतून डोके काढून काय भानगड आहे ते विचारले.

"जरा थांबा," भाऊजी म्हणाले, "तिचं अजून ठरायचंय."